रमादाचे वर्ष आणि मदीनेचा बाजार : हजरत उमर फारूक (रजि.) यांचे जीवन



संकट आले की माणसाच्या ईमानाची परीक्षा मशिदीइतकीच बाजारातही होते. दुष्काळ पडतो, नदीला महापूर येतो, साथ पसरते, आणि काल दहा रुपयांना मिळणारी वस्तू आज तीस रुपयांना विकली जाते. वस्तू तीच, दुकान तेच, विकणाराही तोच. बदललेली असते ती केवळ घेणाऱ्याची लाचारी. या लाचारीचे मोल वसूल करणे धर्माला मान्य आहे काय? शासनाने ते रोखावे काय, आणि रोखायचे तर कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण इस्लामचे दुसरे खलीफा हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांच्या चरित्राकडे वळू या. त्यांच्या शौर्याविषयी व न्यायाविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज आपण त्यांना बाजारपेठेत आणि दुष्काळात पाहू.

हजरत उमर (रजि.) यांचा जन्म मक्केतील कुरैश जमातीच्या बनू अदी या घराण्यात झाला. वडील खत्ताब कडक स्वभावाचे होते. लहानपणी उमर (रजि.) यांनी मक्केजवळच्या दजनानच्या माळावर वडिलांचे उंट चारले, त्यांची बोलणी खाल्ली, मारही खाल्ला. पुढे खलीफा असताना त्याच माळावरून जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्यांना ते दिवस आठवले. ज्याच्या डोक्यावर एके काळी बापाचा धाक होता, त्याच्यावर आता अल्लाहखेरीज कोणाचीही सत्ता उरलेली नाही, या विचाराने ते सद्‍गदित झाले. तरुणपणी ते लिहिण्यावाचण्यास शिकले, कुस्तीत नाव मिळवले आणि व्यापारास लागले. कुरैशांच्या वतीने इतर जमातींशी बोलणी करण्याचे कामही त्यांच्याकडे असे.

त्यांच्या व्यापाराची ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे एकदा पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक शिकवण त्यांना दुसऱ्या सहाबींकडून कळली, तेव्हा बाजारातील खरेदी-विक्रीच्या व्यापामुळे ती आपल्या कानावर आली नव्हती हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तात्पर्य, ज्या माणसाने पुढे बाजाराला शिस्त लावली, त्याला बाजार आतून ठाऊक होता. नफा म्हणजे काय, वाहतुकीची जोखीम म्हणजे काय, आणि टंचाईची बातमी ऐकताच व्यापाऱ्याच्या मनात कोणता विचार प्रथम येतो, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

प्रेषितत्वाच्या सहाव्या वर्षी त्यांनी इस्लाम स्वीकारला. बहीण फातिमा (रजि.) यांच्या घरी सूरह ताहाच्या आयती त्यांच्या दृष्टीस पडल्या आणि इस्लामचा कट्टर विरोधक दारे अरकमच्या दाराशी अनुयायी होऊन उभा राहिला, ही हकीकत आपणास परिचित आहे. त्यानंतर हिजरत, बद्र, उहुद, खंदक अशा प्रत्येक कसोटीत ते पैगंबर (स.) यांच्या सोबत राहिले. त्यांची कन्या हफ्सा (रजि.) या उम्मुल मोमिनीन झाल्या. हिजरी सन 13 मध्ये, म्हणजे इ.स. 634 साली, हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या निधनानंतर खिलाफतीची धुरा त्यांच्या खांद्यावर आली.

त्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या कारकिर्दीत इराक, शाम आणि मिसर हे प्रदेश इस्लामी राज्यात आले. हिजरी कालगणना सुरू झाली, बसरा आणि कूफा ही शहरे वसली, लोकांची नोंद ठेवणारे दिवाण निर्माण झाले. मात्र एवढ्या विस्तीर्ण राज्याचा प्रमुख मदीनेच्या बाजारात हातात कोरडा घेऊन स्वतः फिरत असे. रस्ता अडवणाऱ्याला तो बाजूला करी, मालात भेसळ करणाऱ्याला जाब विचारी. ज्याला खरेदी-विक्रीचे धार्मिक नियम समजत नाहीत त्याने आमच्या बाजारात बसू नये, असा त्यांचा दंडक होता. हलाल-हराम न कळता व्यापार करणारा नकळत दुसऱ्याचा हक्क खातो, हे त्यामागील कारण.

साठेबाजीविषयीचा त्यांचा आदेश इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये नोंदलेला आहे. त्याचा आशय नीट समजून घ्यावा, कारण त्यात पूर्ण अर्थनीती सामावलेली आहे. मदीनेच्या बाजारात साठेबाजीला स्थान नाही, असे त्यांनी जाहीर केले. ज्यांच्या हाती जास्तीचा पैसा आहे, त्यांनी अल्लाहने आमच्या अंगणात आणून पोहोचवलेले धान्य विकत घेऊन आमच्याच विरुद्ध दडवून ठेवू नये, हा आदेशाचा पहिला भाग. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. जो मनुष्य उन्हाळ्या-हिवाळ्याचे कष्ट सोसून, स्वतःच्या जिवावर ओझे वाहून बाहेरून माल आणतो, तो उमरचा पाहुणा आहे. त्याने आपला माल अल्लाहच्या मर्जीने हवा तसा विकावा, हवा तसा ठेवावा.

वाचकहो, येथे दोन माणसांमध्ये रेषा ओढलेली आहे. एक बाजारात माल वाढवतो, दुसरा बाजारातील माल कमी करतो. दोघांनाही नफा हवा असतो. परंतु पहिल्याच्या नफ्यातून गावाला अन्न मिळते, तर दुसऱ्याच्या नफ्यासाठी गावाला उपाशी राहावे लागते. म्हणून पहिल्याला पाहुणचार आणि दुसऱ्याला मज्जाव. केवळ शब्दांवर हा पाहुणचार थांबला नाही. शामकडून येणाऱ्या नबती व्यापाऱ्यांकडून कडधान्यावर दहावा हिस्सा जकातनाका-कर घेतला जाई, परंतु गहू आणि तेल यांवर तो निम्म्याने कमी करून विसावा हिस्सा ठेवण्यात आला. उद्देश एकच होता: या दोन वस्तूंची आवक मदीनेत वाढावी. ज्या वस्तूंवर गरिबाची चूल पेटते, त्या वस्तूंवरील भार राज्याने आधी स्वतः कमी केला.

आता आपण विचाराल की त्यांनी सरळ दरच का ठरवून दिले नाहीत? याचे उत्तर पैगंबर (स.) यांच्या काळात आहे. मदीनेत एकदा भाव वाढले. लोकांनी दर निश्चित करण्याची विनंती केली. पैगंबर (स.) यांनी ती मान्य केली नाही. देणारा, घेणारा, विपुलता आणि तंगी निर्माण करणारा अल्लाह आहे, आणि आपण अल्लाहला भेटू तेव्हा कोणाच्याही जिवाविषयी वा मालाविषयी अन्यायाची तक्रार आपल्यावर असू नये, अशी भावना त्यांनी व्यक्त केली. मात्र त्याच वेळी साठेबाजी करणाऱ्याला त्यांनी गुन्हेगार ठरवले. गावाबाहेर जाऊन, भाव ठाऊक नसलेल्या तांड्यांकडून माल गाठून घेण्यास मनाई केली. भिजलेले धान्य कोरड्या धान्याखाली लपवणाऱ्याची कानउघाडणी केली. म्हणजे नैसर्गिक कारणाने भाव चढला तर व्यापाऱ्यावर जुलूम करायचा नाही. परंतु माणसाने डावपेच करून भाव चढवला तर तो डाव मोडायचा.

हजरत उमर (रजि.) यांनीही हीच मर्यादा सांभाळली. एकदा हजरत हातिब (रजि.) बाजारात मनुके फार स्वस्त विकत होते. ताइफकडून मनुक्यांचा तांडा येण्याच्या वाटेवर होता आणि इतका उतरलेला भाव ऐकून बाहेरचे व्यापारी माघारी फिरतील, अशी खलीफांना चिंता वाटली. त्यांनी हातिब (रजि.) यांना भाव वाढवण्यास किंवा बाजारातून माल उचलण्यास सांगितले. पुढे त्यांनी स्वतःच्या बोलण्याचा पुन्हा विचार केला, आणि हातिब (रजि.) यांच्या घरी जाऊन सांगितले की तो हुकूम नव्हता, निवाडाही नव्हता, शहरवासीयांच्या भल्यासाठी सुचलेली ती एक गोष्ट होती, आपण आपला माल इच्छेप्रमाणे विकावा. इतक्या मोठ्या राज्याचा प्रमुख एका दुकानदाराच्या दारी जाऊन आपला शब्द मागे घेतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. बाजारावर सत्ता गाजवण्याची हौस त्यांना नव्हती, हे यावरून कळते.

याच शासकावर हिजरी सन 18 मध्ये, म्हणजे इ.स. 639 च्या सुमारास, मोठे संकट कोसळले. अरबस्तानात पाऊस पडला नाही. सुमारे नऊ महिने जमीन जळत राहिली. वारा सुटला की राखेसारखी धूळ उडे, म्हणून त्या वर्षाला आमुर्रमादा, राखेचे वर्ष, असे नाव पडले. त्याच काळात शाममध्ये अमवासची प्लेगची साथ पसरली आणि हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्यासारखे थोर सहाबी तिला बळी पडले. उंट-मेंढ्या इतक्या रोडावल्या की कापलेल्या जनावराचे मांस घशाखाली उतरेना. वाळवंटातील टोळ्या आपले उरलेसुरले सामान घेऊन मदीनेच्या आसऱ्याला आल्या.

अशा वेळी बाजारात काय घडते हे आपण जाणतो. ज्याच्याकडे धान्याची चार पोती आहेत तो राजा होतो. रमादाच्या वर्णनांत मात्र खलीफांचा भर कोणत्याही दरपत्रकावर दिसत नाही. भर दिसतो तो पुरवठ्यावर. त्यांनी प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडे तातडीने मदत मागितली. अबू उबैदा (रजि.) चार हजार उंटांवर अन्नधान्य लादून स्वतः मदीनेत पोहोचले आणि मदीनेच्या परिसरात ते वाटण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. शाम आणि इराककडून येणाऱ्या तांड्यांना वाटेतच गाठण्यासाठी माणसे पाठवली गेली. लोकांनी मदीनेपर्यंत रखडत यावे आणि वाटेत प्राण सोडावेत, यापेक्षा पिठाची पोती त्यांच्या तंबूंपर्यंत जावीत, असा तो बेत होता. वाटेवरच्या कुटुंबांना पीठ द्यावे, उंट कापून मांस द्यावे, वस्त्रेही द्यावीत, अशा सूचना होत्या.

मदीनेत सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. आचारी पहाटेपूर्वी उठून मोठमोठी भांडी चुलीवर चढवीत. शहराच्या चारही बाजूंना उतरलेल्या लोकांवर देखरेखीसाठी माणसे नेमलेली होती आणि ती रोज संध्याकाळी खलीफांना हकीकत सांगत. हजरत उमर (रजि.) यांनी जेवणाऱ्यांची मोजदाद करवली. इब्न साद (रह.) यांच्या तबकातमध्ये ती संख्या आली आहे: पंक्तीला येऊन जेवणारे सात हजार, आणि जे येऊ शकत नव्हते अशी आजारी माणसे, स्त्रिया व मुले मिळून चाळीस हजार. काही दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा हे आकडे दहा हजार आणि पन्नास हजार झाले होते. किती लोकांना अन्न हवे आहे हे मोजल्याशिवाय किती अन्न आणायचे हे ठरत नाही, ही गोष्ट चौदा शतकांपूर्वी मदीनेने कृतीत आणली.

एवढे करूनही सर्वांचे प्राण वाचले नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निर्वासितांच्या तंबूंत मृत्यूने मोठी कापणी केली. खलीफा आजाऱ्यांची विचारपूस करीत, मृतांसाठी कफन पाठवीत, आणि कधी कधी एकाच वेळी अनेक जनाजांची नमाज पढवीत.

या काळात त्यांनी एक शपथ घेतली. जनतेला पुन्हा सुकाळ लाभेपर्यंत आपण तूप आणि मांस यांची चव घेणार नाही. तेल आणि जाडीभरडी भाकर यांवर ते राहिले. गोऱ्या वर्णाचा तो धिप्पाड पुरुष काळवंडला, पोट गुरगुरू लागले, तरी शपथ मोडली नाही. घरातील एका मुलाच्या हाती फळ दिसले तेव्हा त्यांना राग आला, कारण बाहेर उम्मतची मुले भुकेने वाळत होती.

आणि आता तो प्रसंग, जो आजच्या आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. दुष्काळ ओसरू लागला होता. मदीनेच्या बाजारात तुपाची एक बुधली आणि दुधाची एक पखाल विक्रीस आली. खलीफांच्या सेवकाने ती चाळीस दिरहम देऊन विकत घेतली आणि आनंदाने सांगितले की आता शपथ पूर्ण झाली, बाजारात तूप आले आहे. हजरत उमर (रजि.) यांना किंमत कळली. इतका चढा भाव देऊन आणलेली वस्तू त्यांनी तोंडाला लावली नाही. उधळपट्टीने खाणे आपल्याला रुचत नाही असे सांगून दोन्ही वस्तू सदका करावयास लावल्या. जे प्रजेच्या वाट्याला आले ते आपल्या वाट्याला आले नाही तर प्रजेची चिंता आपल्याला वाटणार कशी, हा त्यांचा सवाल होता.

या घटनेत विकणाऱ्याला शिक्षा झाल्याचा उल्लेख नाही. धडा मिळतो तो ऐपतदार ग्राहकाला. टंचाईच्या दिवसांत ज्याच्या खिशात पैसा आहे तो मागेल ती किंमत देऊन वस्तू उचलतो, आणि त्याने दिलेली किंमत हाच उद्यापासून गरिबासाठीही बाजारभाव ठरतो. राज्याच्या प्रमुखाने चाळीस दिरहमला तूप खाल्ले असते तर मदीनेत तुपाचा तोच दर रूढ झाला असता. त्यांनी ते नाकारले. नफेखोर जसा भाव चढवतो, तसा घाईने घरे भरणारा ग्राहकही भाव चढवतो, हे आपण सहसा विसरतो.

दुष्काळातील त्यांचे न्यायदानही याच दृष्टीने पाहावे. भुकेच्या त्या वर्षी चोरीसाठी ठरलेली कठोर शिक्षा त्यांनी अमलात आणली नाही. उपाशी माणसाने पोटासाठी उचललेला घास हा लोभ नव्हे, अगतिकता असते. दुसऱ्या एका खटल्यात काही गुलामांनी परक्याचा उंट चोरून कापून खाल्ला होता. चौकशीत त्यांचा मालक त्यांना उपाशी ठेवतो, असे खलीफांच्या ध्यानात आले. त्यांनी गुलामांना शिक्षेतून सोडले आणि उंटाची किंमत, जी चारशे दिरहम होती, दुप्पट करून आठशे दिरहम मालकाकडून वसूल केली. कायद्याचा धाक भुकेल्याकडून काढून भूक निर्माण करणाऱ्यावर आणला, तो असा. जकातीची वसुलीही त्यांनी त्या वर्षी थांबवली. पुढील वर्षी सुकाळ झाल्यावर दोन वर्षांची जकात एकत्र घेण्यात आली. तिच्यातील एक हिस्सा तेथल्याच गरिबांत वाटला गेला आणि एक मदीनेला आला.

सर्व प्रयत्न चालू असतानाच ते रात्री अल्लाहपुढे रडत, आपल्या हातून उम्मतचा नाश होऊ नये अशी विनवणी करीत. पैगंबर (स.) यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना सोबत घेऊन त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली. अल्लाहची कृपा झाली, पाऊस आला. मग टोळ्यांना वाटखर्चाचे धान्य आणि वाहने देऊन त्यांच्या मुलखात परत पाठवण्यात आले. पुढे मिसर राज्यात आल्यावर नाईल नदी आणि लाल समुद्र यांना जोडणारा जुना कालवा पुन्हा खोदून वाहता करण्यात आला. मिसरचे धान्य जहाजांतून अरबस्तानच्या किनाऱ्यास लागू लागले. एका दुष्काळातून सावरून त्यांनी पुढल्या दुष्काळाची तयारी केली.

हिजरी सन 23 च्या अखेरीस, इ.स. 644 मध्ये, फज्रच्या नमाजेत अबू लूलू याने त्यांच्यावर खंजिराचे वार केले. मृत्युशय्येवर त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना आपल्या कर्जाचा हिशोब करण्यास सांगितले. ते सुमारे 86 हजार दिरहम निघाले. ते आपल्या कुटुंबाच्या मालमत्तेतून फेडावे, कमी पडल्यास आपल्या घराण्याकडून व नंतर कुरैशांकडून घ्यावे, असे त्यांनी बजावले. ज्याच्या हाती पूर्वेकडील मोठमोठ्या राज्यांचे खजिने आले, तो जगातून कर्जदार म्हणून गेला. हजरत आयशा (रजि.) यांच्या अनुमतीने पैगंबर (स.) यांच्या जवळ त्यांचे दफन झाले.

वाचकहो, याच्या शेजारी आपल्या देशाच्या इतिहासातील एक उदाहरण ठेवून पाहा. सुलतान अलाउद्दीन खलजीचे नाव विदर्भाला परके नाही, इ.स. 1296 मध्ये अचलपूरमार्गेच तो देवगिरीवर आला. दिल्लीत त्याने धान्यापासून कापडापर्यंत दर बांधून दिले, सरकारी कोठारे भरली, साठेबाजी बंद केली. पाऊस कमी झालेल्या वर्षीही दिल्लीत भाव वाढले नाहीत, असे इतिहासकार बरनी नोंदवतो. परंतु हे सर्व हेरांच्या आणि क्रूर शिक्षांच्या बळावर चालले होते. मापात मारणाऱ्याच्या अंगाचे मांस कापून काढल्याची वर्णने आहेत. 1316 मध्ये सुलतान गेला आणि थोड्याच काळात ती व्यवस्थाही गेली. धाकाने उभारलेला बाजार धाकाबरोबर संपतो. हजरत उमर (रजि.) यांचा आदेश मात्र फिकहच्या ग्रंथांत आजवर जिवंत आहे.

आपल्या फुकहांनी या परंपरेतून सुस्पष्ट नियम काढले. हनफी ग्रंथ हिदायानुसार माणसांचे अन्न आणि जनावरांचा चारा शहरवासीयांना हानी पोहोचेल अशा रीतीने साठवणे निषिद्ध आहे. काझीने साठेबाजाला स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेपुरते ठेवून उरलेले विकण्यास भाग पाडावे. सामान्य काळात दर ठरवू नयेत. परंतु विक्रेते उघड उघड अतिरेक करू लागले आणि लोकांचे रक्षण करण्यास दुसरा उपाय उरला नाही, तर जाणकारांच्या सल्ल्याने दर ठरवता येतात. इमाम इब्न तैमिया (रह.) यांनीही दरनिश्चितीचे दोन प्रकार सांगितले: व्यापाऱ्यावर जुलूम करणारी निषिद्ध, आणि लोकांवरील जुलूम थांबवणारी न्याय्य. मात्र शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पिकवलेले धान घरच्या कोठीत ठेवले तर तो साठेबाज ठरत नाही, हेही हिदायाने सांगितले आहे.

आपल्या देशाचा कायदा या नियमांपासून फार दूर नाही. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने शासनाला साठ्याची मर्यादा आणि दर ठरवण्याचा अधिकार दिला आहे. उल्लंघनास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. काळाबाजार करणाऱ्यास स्थानबद्ध करण्यासाठी 1980 चा वेगळा कायदा आहे. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीत मास्क आणि सॅनिटायझर यांना या यादीत घालून 200 मिलिलिटर सॅनिटायझरची कमाल किंमत 100 रुपये, तर तीन पदरी मास्कची 10 रुपये ठरवण्यात आली. तरीही पुढल्या वर्षी दुसऱ्या लाटेत नागपूरसह अनेक शहरांत रेमडेसिवीरच्या काळ्या बाजाराचे गुन्हे नोंदवावे लागले. कायदा होता, पोलीस होते, कमी होते ते अल्लाहचे भय.

कोंढा आणि पवनी तालुक्यातील आपले वाचक 2020 चा ऑगस्ट विसरलेले नसतील. महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा फुगली, आणि भंडारा शहरापासून पवनीपर्यंत नदीकाठची घरे व धानाची शेते पाण्याखाली गेली. असा पूर पुन्हा येऊ शकतो. रस्ते बंद होतील तेव्हा कोंढ्यासारख्या गावातील एखाद्या दुकानात मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या, बाळाचे दूध आणि पिण्याचे पाणी यांचा शेवटचा साठा असेल. कोणाकडे ट्रॅक्टर असेल, कोणाकडे नाव असेल. त्या दिवशी कोंढ्यात खलीफा उमर (रजि.) नसतील आणि तहसीलदारही कदाचित पाण्याच्या पलीकडे अडकलेले असतील. त्या साठ्याचा मालक आणि त्याचा रब, एवढेच तेथे असतील.

आपण दुकानदार असाल तर आजच मनाशी ठरवून ठेवा. वाहतूक महागली, नवा माल खरोखर चढ्या दराने आला, तर तो खर्च किमतीत धरणे अन्याय नव्हे. परंतु जुन्या भावाने घेतलेला माल केवळ शेजारी बुडतो आहे म्हणून महाग करणे, किंवा माल असताना संपला म्हणून सांगणे, ही त्या अंगणातील अन्नाची साठेबाजी आहे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हा प्रश्नही येथे उद्‍भवत नाही. भुकेला मनुष्य भुकेला असतो. आपण ग्राहक असाल तर गरजेपुरतेच घ्या. चाळीस दिरहमचे तूप आठवा. आपण मशिदीच्या किंवा मोहल्ल्याच्या समितीत असाल तर पावसाळ्यापूर्वी अन्न किती लागेल याची मोजणी करून ठेवा आणि बाहेरून माल आणणाऱ्याला पाहुण्याप्रमाणे मदत करा. आणि कोणी उघडपणे लुबाडत असेल तर पुरवठा खात्याकडे तक्रार करण्यास कचरू नका. जुलूम रोखणे हीदेखील त्या जुलमीला केलेली मदतच आहे.

हजरत उमर (रजि.) एका रात्री उपाशी मुलांसाठी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन निघाले. सेवकाने ते ओझे मागितले, तेव्हा कयामतच्या दिवशी माझे ओझे तू उचलशील काय, असा त्यांनी त्याला प्रतिप्रश्न केला. संकटात कमावलेला प्रत्येक नाहक रुपया हे असेच एक ओझे आहे, आणि ते उचलायला त्या दिवशी कोणी दुसरा येणार नाही. अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत बरकत देवो, आणि आपल्या हातांना दुसऱ्याच्या लाचारीपासून दूर ठेवो. आमीन.